थंडीचे दिवस आणि आपली सोसायटी

डिसेंबर लागला की आपल्या इमारतींच्या फलकांवर कागदांची दाटी होते. ६ डिसेंबरच्या भोजनदानाची वर्गणी, भीमा कोरेगावला जाणाऱ्या बसची नोंदणी, गच्चीच्या दुरुस्तीचा हिशेब, थकलेला मेन्टेनन्स. आरोग्याची सूचना मात्र पावसाळ्यातच लागते: पाणी उकळून प्या, कुंड्यांत पाणी साचू देऊ नका. थंडी हा मुंबईत बरे वाटण्याचा ऋतू समजला जातो. घाम नाही, चिखल नाही, मग आरोग्याचे काय सांगायचे?

यंदा सांगायला बरेच आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या चाळीतून चाळीस मजल्यांच्या मनोऱ्यात. त्यांचा तिथला हा पहिलाच हिवाळा. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरची कामे चालू आहेत. परळ-लालबागच्या जुन्या चाळींतली किती तरी घरे ट्रान्झिट कॅम्पात आहेत. चाळीत होतो तोवर आपण भाडेकरू होतो. नळ, संडास, जिना सगळे सरकारचे किंवा मालकाचे. आता आपणच सोसायटी. टाकी आपली, लिफ्ट आपली, वॉचमन आपला, आणि त्यांतून होणाऱ्या आजाराची आणि अपघाताची जबाबदारीही आपली.

आधी हवेबद्दल. मुंबईत थंडी फार पडत नाही. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता, तो आजवरचा नीचांक. एरवी पहाटे १६-१७ अंश झाले तरी आपण कानटोपी काढतो. त्रास गारव्याचा कमी आणि हवेचा जास्त आहे. पावसाळाभर समुद्रावरून येणारा जोरदार वारा शहराची धूळ धुऊन काढतो. हिवाळ्यात तो मंदावतो, जमिनीकडून वारे येऊ लागतात, आणि रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन वरच्या उबदार हवेखाली झाकणासारखी कोंडून राहते. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, भट्ट्यांचा धूर सगळे त्या झाकणाखाली. ऊन तापले की झाकण उघडते. म्हणून पहाटे पाचला शिवाजी पार्कात चालायला जाणे थंडीत तितकेसे शहाणपणाचे नाही, कितीही वर्षांची सवय असली तरी. दमा, हृदयविकार असलेल्यांनी साडेआठ-नऊनंतर, ऊन आल्यावर चालावे. रुमाल बांधून जाड धूळ अडते. पण खरा घात करणारे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक असतात, ते रुमालातून सहज आत जातात. त्याला एन-९५ मास्कच लागतो, आणि तोही नाकाशी घट्ट बसलेला.

आपल्या भागात तर बांधकामाला खळ नाही. गिरण्यांच्या जागांवर टॉवर, चाळींच्या जागांवर टॉवर, वर शिवडी-वरळी जोडरस्त्याचे काम. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी २७ मुद्द्यांची नियमावली काढली: ७० मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती ३५ फूट उंच पत्रे, इमारतीला हिरवे कापड, पाण्याची फवारणी, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाके धुणे. ३० डिसेंबर २०२४ रोजी भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली हवा फार बिघडली म्हणून पालिकेने तिथली बांधकामेच थांबवली होती. म्हणजे नियम आहे आणि तो लागू करता येतो. शेजारच्या साइटवर पाणी मारले जात नसेल तर एकट्याने विनवण्या करत बसू नका. सोसायटीच्या लेटरहेडवर, फोटो आणि तारखेसह वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या, १९१६ वर तक्रार करून क्रमांक लिहून ठेवा. आपल्याच इमारतीचे दुसरे टप्पे बांधले जात असतील तर हे आणखी अवघड जाते, कारण बिल्डरला दुखवायला कमिटी कचरते. पण लहान मुलांच्या छातीला त्याची पर्वा नसते.

आता घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल थोडे थांबून सांगायचे आहे. लालबाग, परळ, डिलाईल रोड, नायगाव इथल्या कितीतरी घरांत अजून एखादा जुना गिरणी कामगार आहे. थंडी सुरू झाली की आजोबांचा खोकला सुरू होतो आणि घरातले म्हणतात, ‘त्यांचा जुनाच आहे तो.’ जुना आहे हे खरे. पण तो कुठून आला ते पाहा. कापूस पिंजण्याच्या, ब्लो रूम आणि कार्डिंगच्या खात्यांत हवेत तरंगणारी कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की फुप्फुसाच्या नळ्या आवळतात. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची सुरुवातीची खूण अशी, की आठवड्याची सुट्टी संपवून कामावर गेल्यावर पहिल्याच दिवशी छाती भरून यायची. पुढे पुढे ती रोजच भरलेली राहते. गिरण्या बंद झाल्या, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाला चार दशके उलटली, तरी ती छाती तशीच आहे.

आणि आपल्या माणसांना कुठले खाते मिळायचे हेही ठाऊक असावे. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. धोट्यात नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्णांना चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. विचार करा, त्या धोट्याला एकामागून एक कितीजण तोंड लावत. क्षयासारख्या रोगाच्या दृष्टीने ती पद्धत सगळ्यांनाच धोक्याची. पण तिथे भीती रोगाची नव्हती, विटाळाची होती. आपल्या लोकांच्या वाट्याला साच्या खाते आणि कमी पगाराची, धुळीची कामे आली.

म्हणून आजोबांचा खोकला वयाचा म्हणून सोडून देऊ नका. फुंकण्याची साधी तपासणी होते, तिच्यात फुप्फुस किती चालते ते कळते. केईएमसारखी रुग्णालये दारात आहेत. डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला तर तो घ्यावा. ‘पंप लागला की सुटत नाही’ हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे. पंपातले औषध थेट छातीत जाते, गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत, म्हणून ते अधिक सुरक्षित. थंडीत बरे वाटते म्हणून पंप बंद करणे हे तर उलटेच झाले. तो खरा डिसेंबर ते फेब्रुवारीतच लागतो. साठीपुढच्यांनी फ्लूच्या आणि न्यूमोनियाच्या लशीबद्दलही डॉक्टरांना विचारावे.

घर आणि रोग यांचे नाते आपल्या इतिहासात फार जवळचे आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला गेला आणि पुढच्या थंडीत शहर ओस पडले. त्याच साथीत पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. सरकारला कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांची जाग आली ती प्लेगमुळे. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याच्या चाळी म्हणजे बीआयटी चाळी. परळच्या बीआयटी चाळ क्रमांक एकमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बाबासाहेब १९१२ ते १९३४ अशी सुमारे बावीस वर्षे राहिले. जगभरची ग्रंथसंपदा आणि बैठका, सगळे त्या दोन खोल्यांत.

या ट्रस्टने पुढे एक नियम धरला होता, तो आजच्या प्रत्येक सोसायटीने ऐकावा असा आहे. खोलीत उजेड-वारा यायचा तर समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंतचा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. साध्या भाषेत, समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी मोकळे अंतर मध्ये हवे. शंभर वर्षांपूर्वीचा नियम. आणि आपल्याच काळात गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती अवघ्या तीन मीटर अंतराने उभ्या केल्या. २०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने तिथल्या वसाहतींचा अभ्यास केला, तेव्हा दाटीने बांधलेल्या दोन वसाहतींत क्षयरोग झालेल्या घरांचे प्रमाण मोकळ्या वसाहतीच्या कितीतरी पट निघाले. पक्के घर मिळाले म्हणजे निरोगी घर मिळाले असे नाही. पुनर्विकासाचा नकाशा समोर आला की आपण कार्पेट एरियाचे फूट मोजतो. दोन इमारतींमधले फूटही मोजायला हवेत.

अंतर आता बदलता येत नसेल, पण खिडकी उघडता येते. थंडीत, त्यातही एसी आणि स्लाइडिंग काचांच्या घरात, खिडक्या संध्याकाळपासून सकाळपर्यंत बंद असतात. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि कोंडलेल्या हवेत तासन् तास तरंगतात. दुपारी ऊन असताना समोरासमोरच्या दोन खिडक्या तास-दोन तास उघड्या टाका. बाहेरची धूळ दुपारी त्यातल्या त्यात कमी असते, त्यामुळे हे दोन्ही सल्ले एकमेकांच्या आड येत नाहीत.

दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेले वजन, रात्रीचा घाम: यातले काही असेल तर थुंकीची तपासणी करायचीच. पालिकेच्या दवाखान्यांत ती मोफत होते, औषधेही मोफत. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले आहेत. बँक खाते जोडले आहे ना एवढे पाहावे. साध्या क्षयाचे उपचार निदान सहा महिने चालतात. दुसऱ्याच महिन्यात बरे वाटते, आणि तिथेच औषध सुटते. तिथेच रोग औषधाला दाद न देणारा होतो.

चाळीत एक सोय होती. गॅलरी सामाईक, भिंती पातळ. चार रात्री कोणी खोकले तर शेजारची मावशी पाचव्या सकाळी विचारायचीच. मनोऱ्यात दार बंद झाले की आवाज बंद. ज्येष्ठ माणूस लिफ्टला घाबरून आठवडाभर खाली उतरत नाही, आणि कुणाला पत्ता नसतो. म्हणून प्रत्येक मजल्यावर एकाने तरी दोन-तीन दिवसांनी वयस्कर शेजाऱ्यांच्या दाराची बेल वाजवावी. कमिटीचा ठराव त्यासाठी लागत नाही. मात्र एक पथ्य कडक पाळा: कुणाला क्षय, एचआयव्ही, काहीही असो, ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा फलकावर येता कामा नये. औषध सुरू झालेल्या माणसाला ‘लिफ्ट वापरू नका’ सांगणाऱ्या इमारती आहेत. ज्यांनी पाणवठ्यावरचा विटाळ भोगला त्यांच्या वस्तीत तरी ही भाषा नको.

घरातला धूर हा वेगळा विषय. खिडक्या बंद करून रात्रभर डासांची कॉइल लावणे म्हणजे सुमारे शंभर सिगारेटींच्या धुराइतके सूक्ष्म कण त्या खोलीत सोडणे. मच्छरदाणी स्वस्त आहे आणि खोकला आणत नाही. वंदनेच्या वेळी मेणबत्ती-अगरबत्ती लावताना खिडकी उघडी असावी. ज्या घरात दम्याचे मूल आहे तिथे फुले पुरतात, वंदनेत त्याने काही उणे पडत नाही. सर्दीला वाफ घेताना लहान मुलाच्या मांडीजवळ उकळते भांडे ठेवू नका. त्या वाफेने सर्दी जात नाही आणि भाजलेले मूल घेऊन धावावे लागते.

गॅस गिझर न्हाणीघराच्या आत असेल तर तो या थंडीतच बाहेर काढून घ्या. बंद मोरीत जळणारा गॅस प्राणवायू संपवतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके जड होते, पाय लटके पडतात आणि कडी काढायचे बळही उरत नाही. तोवर निदान झरोका उघडा ठेवावा, बादली भरून गिझर बंद करावा आणि मग अंघोळ करावी.

गेटवर रात्री शेकोटी पेटते. तिच्यात पुठ्ठे, प्लायवूड, प्लॅस्टिकच्या पिशव्या सगळे जाते आणि तो धूर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर शिरतो. त्यावर वॉचमनला दम भरणे सोपे आहे. पण बारा तास उघड्या केबिनमध्ये बसणाऱ्या माणसाला जाड ब्लँकेट, स्वेटर, केबिनला दार आणि रात्रीचा चहा सोसायटीने द्यायला नको का? ते दिले की शेकोटीची गरज राहत नाही. जिना आणि अंगण झाडणाऱ्या भगिनींनाही मास्क द्यावा आणि झाडण्याआधी पाण्याचा शिडकावा करू द्यावा. कोरड्या झाडूने उडणारी धूळ आधी त्यांच्या छातीत जाते.

आता टाकीविषयी. पावसाळा संपला, पाण्यात गाळ आला, आता टाकी धुऊन घेण्याचा हंगाम. सेक्रेटरी तीन कोटेशन मागवतो, सगळ्यांत स्वस्त घेतो. दोन मुले येतात, झाकण काढतात आणि उतरतात. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीच्या पाण्याच्या टाकीत चार कामगार गुदमरून दगावले. ती मलाची नव्हे, पाण्याची टाकी होती. बंद टाकीत प्राणवायू कमी झालेला असतो, आणि पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. अशा घटनांत मरणारे बहुतेक वेळा असेच, वाचवायला गेलेले असतात.

मलटाकीबाबत कायदा स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. ‘काम कंत्राटदाराला दिले होते’ एवढे म्हणून सोसायटीला हात झटकता येत नाहीत. पण आम्हाला कायद्याचा धाक घालायचा नाही. ही कामे करणारी माणसे कोणत्या जातींतून येतात हे आपल्याला वेगळे सांगायला नको. काल आपल्यापैकी कुणाचा बाप त्या भोकात उतरत होता आणि आज आपण कमिटीत बसून स्वस्त कोटेशन पास करतो, असे होऊ नये.

मलटाकी, ड्रेनेज चेंबर: फक्त यंत्राने, सक्शन गाडी बोलावून. पाण्याची टाकी: शक्य तेवढे पंपाने आणि वरून पाण्याच्या दाबाने. माणूस उतरवावाच लागला तर आदल्या रात्रीपासून झाकणे उघडी, पंख्याने हवा आत सोडलेली, आत जाण्याआधी वायूमापकाने तपासणी, कमरेला दोर, दोर धरून बाहेर दोघे, आणि आत कुणी कोसळला तर कुणीही मागून उतरायचे नाही, दोराने ओढायचे आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करायचा. पेटती मेणबत्ती सोडून पाहायची जुनी रीत वापरू नका. आत जळणारा वायू असेल तर स्फोट होतो. हे सारे वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या. कोटेशन दोन-पाच हजारांनी वाढेल. वाढू द्या. टाकी धुतल्यावर झाकण घट्ट बसले आहे आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे हे पाहावे, कारण मलेरियाचा डास शहरात अशाच टाक्यांत वाढतो.

जानेवारीचे एक काम कमिट्या हमखास विसरतात. २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून आगविरोधी यंत्रणा तपासून ‘फॉर्म बी’ दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. नव्या मनोऱ्यांत तर हे जिवाचे काम. चाळिसाव्या मजल्यावरून आजी किती वेळात उतरेल, जिन्यात कुणाच्या सायकली आणि चपलांची कपाटे आहेत, हेही त्याच दिवशी पाहून घ्या. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून एल्फिन्स्टनचा पूल बंद आहे. प्रभादेवीकडून केईएम, वाडिया किंवा टाटाला जायचा सवयीचा रस्ता गेला. टिळक पूल की करी रोड, कोणत्या वेळी कोणता, हे आज जाऊन पाहून ठेवा. १०८ ला फोन केल्यावर भांडण नको.

६ डिसेंबरला विदर्भ-मराठवाड्यातून येणारे बांधव आपल्या चाळींत, सभागृहांत, पॅसेजमध्ये मुक्कामाला असतात. जेवण आपण भरपूर देतो. कमी पडतात ते संडास. रांगेत दहा-बारा तास उभ्या राहणाऱ्या बायका पाणीच पीत नाहीत, कारण जायचे कुठे? दादर, नायगाव, परळच्या सोसायट्यांनी तळमजल्याचे स्वच्छतागृह त्या दोन रात्री उघडे ठेवून बाहेर पाटी लावली तर ते भोजनदानाइतकेच मोठे दान. शिजवलेला भात चार तासांपेक्षा जास्त वेळ पातेल्यात ठेवून वाढू नका. मधुमेह असलेल्यांनी रांगेत गोळ्या-इन्सुलिन जवळ ठेवावे, खिशात गूळ किंवा बिस्किटे असावीत आणि पायात चप्पल ठेवावी. बधिर तळव्याला लागलेला खडा दोन दिवसांनी कळतो.

भीमा कोरेगावला ३१ डिसेंबरच्या रात्री निघणाऱ्यांनी मुंबईची थंडी मनात धरू नये. तिकडे पहाटे मुंबईपेक्षा कितीतरी अंश गार असते. बसच्या यादीत नावापुढे रक्तदाब-साखरेची औषधे आणि घरच्यांचा फोन क्रमांक लिहायला एक रकाना ठेवा.

३ जानेवारीच्या सावित्रीबाई जयंतीच्या कार्यक्रमाला भाषणांसोबत अर्धा तास लसीकरणासाठी काढावा. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडीपासून गोवर पसरला तेव्हा लस चुकलेली मुलेच जास्त आजारी पडली. घर बदलताना, ट्रान्झिटला जाताना वॉर्ड बदलतो आणि डोस राहून जातो. गोवर-रुबेलाचे डोस दोन: पहिला नवव्या महिन्यानंतर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. पाच वर्षांखालच्या मुलांच्या आयांना त्या दिवशी लसीकरणाचे कार्ड सोबत आणायला सांगावे, आणि जवळच्या दवाखान्यातल्या आरोग्यसेविकेला आठवडाभर आधी निमंत्रण द्यावे. ऐन वेळी त्या मिळत नाहीत.